सत्कर्मांचा उपास

५ मार्च, राखेचा बुधवार

आजपासून ईस्टरपर्यंत उपासकाळ. ऑफिसात रेने चॉकलेट सोडलं. चर्चच्या व्हर्नाबाईंनी साखर सोडली, म्हणजे कॉफीतली. केकमधली चालू आहे. मी सत्कर्मं सोडली आहेत.

हे लहरीने केलेलं नाही. कारण नोंदवून ठेवते.

आई ऑक्टोबरमध्ये गेली. तिच्या अंत्यविधीला पाद्री स्टेन म्हणाले की लॉरेनच्या आत्म्याचं तारण तिने उकळलेल्या कॉफीमुळे झालेलं नाही, तिने लावलेल्या हॅम सँडविचमुळे झालेलं नाही. फक्त विश्वासाने आणि देवाच्या कृपेने झालं. आम्ही लुथरन पंथाचे. आमच्याकडे प्रत्येक अंत्यविधीला असंच म्हणतात. सिद्धान्त म्हणून त्यात चूक काही नव्हती. फक्त बाबा पहिल्या बाकावर बसले होते. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर आईने तीस वर्षं चालवलं. गावात कोणीही मेलं की मागे राहिलेल्यांचं जेवण तिच्याकडे.

बाबा बाहेर येऊन म्हणाले, तीस वर्षं बाई त्या तळघरात उभी राहिली, आणि हा म्हणतो त्यातलं काही धरलंच जात नाही?

तेव्हापासून ते चर्चच्या आत आलेले नाहीत. येतात मात्र दर रविवारी. दाढी करून, टाय लावून पार्किंगमध्ये पिकअपमध्ये बसून राहतात. उपासना संपली की घरी. मला म्हणाले, सिग्ने, तू इंजिनियर. तू सांग. धरलं जातं की नाही?

ईस्टरपर्यंत उत्तर देते, मी म्हटलं.

मी जिल्ह्याच्या पुलांची तपासणी करते. एखादा खांब भार घेतो की नुसता शोभेला आहे हे ठरवायचं तर तो काढला असं धरायचं आणि पूल उभा राहतो का ते पाहायचं. इथेही तेच. सत्कर्मं काढून घ्यायची. विश्वास एकटा उभा राहिला तर सिद्धान्त बरोबर. बाबांची शंका फिटेल, ते आत येऊन बसतील.

एकच अडचण: तारण झालं की नाही हे मेल्यावर कळतं. तोवर विश्वासाची पातळी रोज स्वतः मोजायची, दहापैकी. आज साडेसात.

७ मार्च, शुक्रवार

बाबांचा फोन. पिकअपच्या हीटरचा पंखा बंद पडलाय, शनिवारी येऊन बघतेस का. तासाभराचं काम. मी प्रयोग समजावून सांगितला. ते म्हणाले, म्हणजे तू येत नाहीस. मी म्हटलं, तत्त्वतः नाही. ते म्हणाले, बरं.

पहिली कसोटी पार. साडेसात कायम.

१० मार्च, सोमवार

डिकीतल्या भांड्यांविषयी.

आई गेल्यावर गावातल्या बायकांनी बाबांना हॉटडिश आणून दिल्या: खिमा, बटाटे, वर डब्यातलं मशरूमचं सूप, सगळं भट्टीत भाजलेलं. पसरट काचेची भांडी. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव. असं भांडं आमच्या गावात कोणी रिकामं परत करत नाही. नोव्हेंबरात मी ती सगळी माझ्या डिकीत घातली. म्हटलं, सवडीने भरून देऊ. सवड झाली नाही. आता भांडी भरणं हे उघडउघड सत्कर्म ठरेल. त्यामुळे हा विषय आपोआप ईस्टरनंतर गेला. यात माझी सोय पाहिली असं कोणी म्हणू शकेल. प्रयोगाचे नियम मी भांड्यांसाठी केलेले नाहीत.

प्रत्येक पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली की डिकी खणखणते. रे म्हणाला, भांड्यांचं दुकान काढलंस का गं? रे माझ्याबरोबर तपासणीला असतो. कॅथलिक आहे. त्याला प्रयोग सांगितला. म्हणाला, आमच्यात बाई दोन्ही लागतं, विश्वासही आणि कामही. विचारलं, कशाचं किती? म्हणाला, बायकोला विचारून सांगतो.

या पद्धतीत शिस्त नाही.

१२ मार्च, बुधवार

उपासकाळात बुधवारी संध्याकाळी उपासनेआधी तळघरात सूप असतं. दरवर्षी मी वाढते. यंदा फक्त जेवले. हात मांडीखाली धरून बसले, कारण ते आपोआप उठत होते. सूप बटाट्याचं. जेवून वाडगा टेबलावर तसाच ठेवला. हे लिहायला सोपं आहे, करायला नाही. व्हर्नाबाईंनी येऊन वाडगा उचलला आणि पुढे गेल्या. आईनंतर स्वयंपाकघर त्यांच्याकडे आहे. रागावल्या असाव्यात. मी तयार होते, समजावून सांगायला. विचारलंच नाही.

पातळी सात. दिवसभर थंडीत उभी होते, तेवढा फरक धरून चालायचा.

१५ मार्च, शनिवार

हिमवादळ. हायवेच्या वळणावर एक व्हॅन खड्ड्यात गेलेली. मी थांबले. फावड्याने चाकं मोकळी केली, खाली वाळू टाकली, ढकलली. हे सत्कर्म नाही. व्हॅनचं मागचं टोक रस्त्यावर आलं होतं; मी वाहतुकीतला अडथळा दूर केला. नोकरीचा भाग. सुट्टीचा दिवस होता, पण अडथळ्याला ते माहीत नव्हतं.

खिडकी खाली झाली तर आत पाद्री स्टेन. म्हणाले, देव तुझं भलं करो. मी म्हटलं, कृपा करून तसं काही म्हणू नका, आकडे बिघडतील. मग सगळं सांगावं लागलं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, सिग्ने, सत्कर्मं सोडून तू देवासमोर काहीतरी सिद्ध करतेयस. म्हणजे हेही एक कर्मच झालं की! तेही भलतं कष्टाचं.

आक्षेप तांत्रिक आहे. नोंदवला. स्वीकारलेला नाही.

ते पुढे म्हणाले, कार्ल कसा आहे? मी त्याच्याकडे दोनदा गेलो, दार उघडलं, कॉफी दिली, बोलला मात्र हवामानावर. मी म्हटलं, बाबांचं मी बघतेय. ते म्हणाले, बघ गं बाई. त्या दिवशी मी जरा कमी बोललो असतो तर बरं झालं असतं.

१९ मार्च, बुधवार

सूप पुन्हा बटाट्याचं. आईच्या वेळी एक सूप लागोपाठ दोनदा कधी नसायचं. व्हर्नाबाईंचं नियोजन ढासळत चाललं आहे. सांगायला हवं, पण चूक दाखवणं हेही मदत करण्यातच जमा होईल.

डिकीतली खणखण कमी झाली आहे. मोठ्या पुलाच्या सांध्यांविषयी गेल्या वर्षी मी कडक अहवाल दिला होता. शेवटी कोणीतरी वाचला म्हणायचा.

आज झालेल्या चुका: ग्रंथालयाचं दार एका बाईसाठी धरलं (प्रतिक्षिप्त क्रिया, धरायची नाही). शेजाऱ्याच्या कुत्र्याला हाक मारून रस्त्यातून बाजूला केलं (कुत्रा लुथरन नाही). रेचा अहवाल तपासून दुरुस्त केला (राग आला म्हणून केला, रागाने केलेलं सत्कर्मात येत नाही).

पातळी सहा. मोजण्याची पद्धत अजून बसते आहे.

२३ मार्च, रविवार

बाबांकडे जेवण. हॅम आणि उकडलेले बटाटे; त्यांना तेवढंच येतं. पोतंभर बटाटे दाराशी होते. विचारलं, एवढे कशाला? म्हणाले, लागतात.

जेवताना प्रयोगाचे पहिले निष्कर्ष सांगितले. ते म्हणाले, विश्वास मोजतेस कशाने? मी म्हटलं, प्रामाणिकपणाने. त्यांनी मान डोलावली.

मग म्हणाले, आणि तुझ्या आईचं?

मी म्हटलं, आतापर्यंतच्या निरीक्षणांवरून सत्कर्मांचा वाटा शून्य. पण बाबा, ही आनंदाची बातमी आहे. याचा अर्थ आईला काही कमावावं लागलंच नाही. ती एकही सँडविच न लावता गेली असती तरी हिशेब तोच होता.

बाबांनी काटा खाली ठेवला. मग म्हणाले, बरं. स्वतः उठून ताटं उचलली. मी नियमाप्रमाणे बसून राहिले.

त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. निघताना दारापर्यंत आले नाहीत, थकले असतील.

३० मार्च, रविवार

बाबांचा सकाळीच फोन: आज जेवायला येऊ नकोस, मला कामं आहेत. रविवारी यांना कसली कामं? तरी चांगली खूण आहे. माणूस स्वतंत्र होतोय.

उपासनेला जाताना पिकअप पार्किंगमध्ये माझ्या नेहमीच्या जागेशेजारीच उभी होती. मी हात केला. त्यांनी टोपीला बोट लावलं. काच खाली केली नाही.

घरी येऊन टोस्ट खाल्ला. पातळी मोजायची राहिली.

२ एप्रिल, बुधवार

सूप: बटाट्याचं. आता शेजारचे लोकही बोलायला लागलेत. ओलाफसन आजोबा म्हणाले, गावात काय बटाट्याची गाडी उलटली का?

सोमवारपासून डिकीतून आवाज नाही. अजिबात. सगळ्या पुलांचे सांधे एकाच आठवड्यात दुरुस्त होणं शक्य नाही, हे मला कळतं. डिकी उघडली. रिकामी. भांडी गेली.

चोरी. कुलूप फोडलेलं नाही. म्हणजे सराईत माणूस. दुसऱ्यांच्या नावाची जुनी काचेची भांडी कोण चोरेल याचा विचार केला, नमुना लक्षात आला नाही. पोलिसांना फोन लावला आणि ठेवला. भांडी कुणाची, ती तुझ्याकडे कधीपासून, इतके महिने परत का केली नाहीस, असं विचारणारच. चौकशी अकारण वाढली असती.

व्हर्नाबाईंचं निळं भांडंही त्यात होतं. त्या आज माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना कळलं नसावं.

पातळी पाच. यात चोरीचा परिणाम आहे, तो वेगळा काढावा लागेल.

८ एप्रिल, मंगळवार

बाबा फोन उचलत नाहीत. उचलतात, पण तीन शब्दांत ठेवतात. ठीक आहे. कामात आहे. बघू नंतर. मी काल जाऊन बघणार होते. मग विचार केला, विचारपूस करायला जाणं हे सत्कर्मच. मुलीने बापाकडे जाणं सत्कर्म आहे की नाही यावर रेशी वाद झाला. तो म्हणाला, तू वेडी आहेस का? हा मुद्दा नाही, असं मी त्याला दाखवून दिलं. तो म्हणाला, माझी आई असती ना, तर तुला लाटण्याने मारलं असतं, कॅथलिक लाटण्याने.

गेले नाही. प्रयोग शेवटच्या टप्प्यात असताना शिस्त सोडणं बरोबर नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सकाळी नीट लिहिता येत नव्हतं. आता लिहिते.

पोहोचले तेव्हा पिकअप जागेवर होती. आत कोणी नव्हतं. बॉनेटवर हात ठेवून पाहिला, थंड. म्हणजे बराच वेळ झाला होता. सीटवर त्यांचा टाय. घडी न घालता टाकलेला. बाबा टाय घडी करून ठेवतात.

चर्चच्या मागे नदी आहे. बर्फ वितळल्याने पाणी वर आलंय. मी काठाने पुलापर्यंत गेले. पुलाखाली पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. पुलाची पाहणी म्हणता येईल. पाहणी नव्हती. २३ तारखेला मी जे बोलले ते सगळं मला शब्दशः आठवत होतं, आणि ते मला आनंदाची बातमी वाटली होती, हेही.

धावत परत आले. उपासना सुरू झाली होती, मुलं झावळ्या घेऊन चालत होती. मी मधल्या वाटेने शिरले, प्रत्येक बाक पाहिला. बाबा नाहीत. लोक वळून बघत होते. पाद्री स्टेन प्रार्थना वाचत होते. त्यांनी मला पाहिलं आणि न थांबता बोटाने खाली दाखवलं.

तळघरात गेले. बाबा स्वयंपाकघरात होते. बाह्या वर, अंगात एप्रन, कोपरापर्यंत साबण. शेजारी व्हर्नाबाई आणि आणखी दोघी, आणि त्यांचं भांडण चाललेलं.

भांडण अंड्यावरून. आमच्या चर्चची कॉफी अंडं घालून करतात. अंडं कॉफीच्या पुडीत कालवायचं आणि उकळत्या पाण्यात टाकायचं, म्हणजे कॉफी नितळ होते. व्हर्नाबाई म्हणत होत्या, लॉरेनसारखी होत नाही, काहीतरी चुकतंय. दुसरी म्हणाली, पाणी जास्त. बाबा नळाकडे तोंड करूनच म्हणाले, ती कवच पण घालायची. चुरडून.

व्हर्नाबाई म्हणाल्या, कवच? तीस वर्षं आम्ही कवच प्यायलो? आणि मेलीने मला सांगितलं नाही! मला, तिच्या मैत्रिणीला! दुसरी म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू सगळ्या गावाला सांगितलं असतंस. व्हर्नाबाई म्हणाल्या, सांगितलंच असतं, चांगली गोष्ट लपवायची कशाला? आणि मग हसू लागल्या, इतक्या की टेबलाला धरून उभ्या राहिल्या. बाबाही हसले. ऑक्टोबरनंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मला बघून म्हणाले, अगं, तुझे बूट भिजलेत.

भांडी चोरणारे बाबाच. माझ्या गाडीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. रविवारी मी आत बसायचे, तोवर ते डिकीतून दोन-तीन भांडी काढून घरी न्यायचे, आणि बुधवारच्या आत भरून मागच्या दाराने स्वयंपाकघरात ठेवायचे. भरायचे उकडलेल्या बटाट्यांनी. व्हर्नाबाई म्हणाल्या, एवढ्या बटाट्यांचं काय करणार, केलं सूप. टाकायचे कसे, माणसाने सोलून आणलेले.

१४ एप्रिल, सोमवार

काल रात्री झोप बरी लागली. विचार केला.

बाबा चर्चमध्ये आले. प्रयोगाचा उद्देश तोच होता. का आले? पिकअपचा हीटर बंद. या थंडीत तासभर बसणार कसे? ऊब शोधत मागच्या दाराने आत शिरले असणार. आणि हीटर बंद का? कारण मी तो दुरुस्त केला नाही. म्हणजे मी काहीही न केल्यामुळे हे घडलं. सत्कर्म न करण्याने जे साधलं ते करण्याने साधलं नसतं. निष्कर्षात हे ठळकपणे यायला हवं. श्रेय घ्यायचं असं नाही. फक्त योग्य ठिकाणी नोंद व्हावी.

पातळी साडेसहा. सुधारते आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी बाबांकडे गेले. (प्रयोगाची माहिती गोळा करायला.) हीटरविषयीचा निष्कर्ष सांगितला. ते म्हणाले, हीटर? तो तर तुझा तो रे आला होता, त्याच आठवड्यात बसवून गेला. तू ऑफिसात बोललीस म्हणे. भला माणूस आहे. बटाटे दिले त्याला.

पिकअप अख्खा उपासकाळ गरम होती.

मग आत का गेलात, विचारलं. म्हणाले, भांडी ठेवायला गेलो तर सिंक तुंबलेलं होतं. ते मोकळं केलं. मग बशा तशाच पडल्या होत्या. मी विचारलं, आणि तुमचा प्रश्न? आईचं धरलं जातं की नाही? मी उत्तराचा मसुदा केलाय, ईस्टरपर्यंत देते.

ते बटाटा सोलत होते. म्हणाले, दे की. घाई नाही. मग म्हणाले, ते सगळे तिच्याबद्दलच बोलतात गं तिथे. दिवसभर. ती जाळीचा डबा कुठे ठेवायची, ती ओरडायची कशी. वर बाकावर बसून ते ऐकू यायचं नाही.

मला दुसरी सुरी दिसली होती. घेतली. तीन बटाटे सोलले. हे कोणत्या वर्गात येतं ते ठरवलेलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर

उपासना. बाबा आत, शेवटच्या बाकावर, स्वयंपाकघराच्या जिन्याजवळ. शेवटचं गीत संपायच्या आत खाली पळाले.

तळघरात नाश्ता. उपासकाळ संपला, प्रयोग संपला, मी मोकळी. थेट स्वयंपाकघरात गेले आणि रीतसर सांगितलं की आजपासून मी कामाला हजर आहे. इतके दिवस हात लावला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, मी या उपासकाळात सत्कर्मं सोडली होती, सैद्धान्तिक कारणासाठी.

व्हर्नाबाईंनी तव्यावरून मान वर केली. विचारलं, कधीपासून?

मी म्हटलं, राखेच्या बुधवारपासून.

त्यांनी दुसरीकडे पाहिलं. दुसरीने तिसरीकडे. टोमणा नव्हता, खरंच आठवायचा प्रयत्न करत होत्या. तिसरी म्हणाली, अय्या, हो का? बाबांनी पटकन नळ मोठा सोडला. त्यांचे खांदे हलत होते.

मी विचारलं, काय करू? करायला काही उरलं नव्हतं. कॉफी झाली होती, सॉसेज तळून झाले होते, बन लोण्यासकट टेबलावर गेले होते, भांडी बाबांकडे होती आणि ते सरकायला तयार नव्हते. व्हर्नाबाईंनी माझ्या हातात भरलेलं ताट दिलं आणि म्हणाल्या, मधे उभी राहू नकोस बाई, जा, बस, खा.

ओलाफसन आजोबांशेजारी जागा होती. बसले. सगळं गरम होतं. नंतर पुन्हा घेतलं.